जाताना साडेसात, येताना दहा

लेकीकडे टोकियोला जायचं ठरल्यापासून ठाण्याला आमच्या नौपाड्यात भेटेल तो एकच विचारायचा, किती तास लागतात? मी साडेसात सांगायचे. मग एके रात्री यांनी परतीचं तिकीट नीट वाचलं, तर येताना जवळपास दहा तास. दोन्हीकडून थेट विमान, अंतरही तेच, सुमारे 6,800 किलोमीटर. मग हे अडीच तास कुठले?

जानेवारीत निघालो. विमान रात्री आठचं, घर सोडलं साडेतीनला. तीन हात नाक्यावरून हायवेला लागेपर्यंत ठीक होतं, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी जी अडकली! पंचवीसेक किलोमीटरला पावणेदोन तास लागले. ठाणेकरांनी हा वेळ प्रवासातच धरावा.

विमानात मी सिनेमा लावलाच नाही, समोर नकाशा ठेवला. कोलकाता मागे पडलं, बांगलादेश, म्यानमार गेलं. चीनवर आलो तसा वेगाचा आकडा चढू लागला. ताशी 940 किलोमीटर, 1,010, मग 1,085! त्याखाली वाऱ्याचा आकडा होता, पाठीमागून 190. खिडकीबाहेर मिट्ट काळोख, कपातला चहासुद्धा हलत नव्हता, आणि वारा आम्हाला लेकीकडे ढकलत होता. मला फार भरून आलं.

टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरलो तेव्हा तिथे सकाळचे सात वाजले होते, आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. हे साडेतीन तासांचं अंतर यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी महत्त्वाचं. कोणती कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून आणलं होतं. औषधं चालू असलेल्या कुणीही एवढं करावंच. हा विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, पण आगगाडी झटक्यात पोचवते.

अडीच तासांचं कोडं जावयांनी उलगडलं. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या सीमेवर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवर त्याचा जोर सगळ्यात जास्त. जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला आणि 1926 साली निष्कर्ष छापले. जगाला कळावं म्हणून एस्परांतो या सगळ्या देशांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिले, पण ती भाषा वाचणारे थोडेच, त्यामुळे बाहेर फारशी कुणी दखल घेतली नाही. एवढ्या मेहनतीचं असं व्हावं, याची मला अजून हळहळ वाटते.

नातवाने तर पृथ्वीचा गोल आणून त्यावर लोकरीचा धागा ताणून धरला. एक टोक मुंबईवर, दुसरं टोकियोवर. धागा मधे उत्तरेकडे हिमालयाच्या अंगाला सरकला. "आजी, हाच जवळचा रस्ता, कागदावरची सरळ रेघ नाही!"

परतीचं विमान संध्याकाळी पाचचं. पडद्यावर वेग 710 आणि वारा समोरून. दहा तास बसून यांचे पाय सुजले. तेव्हा आई-वडिलांना बोलावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, चालायच्या वाटेकडेची जागा परतीसाठी आधी धरा, जाण्याचं नंतर बघा.

रात्री साडेअकराला मुंबई. या वेळेला हायवे मोकळा होता. एकला घरात पाऊल टाकलं आणि बॅगा दारातच ठेवून फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"पोचलात ना गं?"