सेंट अँड्र्यूजचा रविवार

सहलीत स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज आलं की टूर मॅनेजर म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. एडिंबरोचा किल्ला लोकांना आवडतो, तळी आवडतात. गोल्फचं मैदान कुणाला हवंय? या वेळी गटात बहुतेक निवृत्त मंडळी. "आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही हो," एका काकांनी बसमध्येच जाहीर केलं.

नशिबाने रविवार होता. मोठी स्पर्धा नसेल तर ओल्ड कोर्सवर, म्हणजे इथल्या गोल्फच्या मैदानावर, रविवारी खेळ बंद, मैदान सगळ्यांना मोकळं. इतर दिवशी खेळायला मिळावं म्हणून जगभरचे लोक सोडतीत नाव घालतात, तिथे गावकरी आरामात कुत्री फिरवत होते. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टनने सनदच दिली होती: समुद्राकाठच्या या रेताड माळावर गावकऱ्यांनी गोल्फ खेळावा, त्याने ससे पाळावेत. "म्हणजे गायरानच की हे!" काका म्हणाले. माझं पाठ केलेलं भाषण मी तिथेच आवरलं.

मैदानातल्या स्विल्कन पुलावर फोटो झाले. गोल्फपटू जॅक निकलॉस इथे 1970 आणि 1978 साली ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा जिंकला, 2005 साली याच पुलावरून त्याने निरोप घेतला, हे मी सांगितलं. त्याच वर्षी जिंकलेल्या टायगर वुड्सचं नाव तेवढं ओळखीचं निघालं.

खरा रंग भरला तो कॅथेड्रलच्या दफनभूमीत. तिथे यंग टॉम मॉरिस आहे. भिंतीत कोरलेला, डोक्यावर टोपी, हातात काठी, नजर चेंडूवर. साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून उभारलेलं स्मारक. सतराव्या वर्षी, 1868 साली, तो पहिल्यांदा ओपन जिंकला. सलग तीनदा जिंकून विजेत्याचा पट्टा कायमचा घरी घेऊन गेला. द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून 1871 साली स्पर्धा झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हाच जिंकला. सप्टेंबर 1875 मध्ये बाप-लेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना घरून तार आली: बायको अडली आहे, लगेच या. होडीने खाडी ओलांडून तो पोचेपर्यंत बाळ-बाळंतीण दोघंही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला. वय 24.

"आणि त्याचे वडील?" एका काकूंनी विचारलं.

ओल्ड टॉमही चार वेळचा विजेता. बायको आणि सगळी मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मैदानाची देखभाल मात्र त्याने 1903 पर्यंत केली, आणि 86 वर्षांचा होऊन 1908 साली गेला. अठराव्या होलचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, त्यानेच घडवलं. त्या होलला आज त्याचंच नाव आहे.

"मघाशी नुसते फोटोच काढले आपण," काकू म्हणाल्या, आणि अख्खा गट परत मैदानाकडे वळला. ड्रायव्हर घड्याळ दाखवत राहिला. एडिंबरोच्या खरेदीतला पाऊण तास गेला; तक्रार एकानेच केली, आणि ते गायरानवाले काका नव्हते.