३ लाईनी, १६ एक्स्टेंशन: उद्यमनगरातल्या जुन्या ईपीएबीएक्सची नोंद, भाग ३

ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. त्याच्या एक्स्टेंशनचं, म्हणजे आतल्या फोनांचं, वायरिंग मागच्या भागात संपलं. आता फक्त बाहेरच्या लाईनी: दोन तांब्याच्या जोडीवर, तिसरी फायबरच्या ओएनटीतून (फायबरवरून फोनची लाईन काढून देणारा डबा).

आधी मीटर. क्रोनवरून (तारा दाबून बसवायच्या पट्टीवरून) जोडी सोडवून मोजलं की रिसीव्हर खाली असताना ४८ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. फोन उचलल्यावर ते १० च्या खाली-वर येतात. पहिल्या लाईनीवर फोन न उचलताच ४१, शिवाय खरखर. पावसाळ्यात कोल्हापुरात हे नेहमीचंच, डबीत पाणी शिरून दोन तारांत गळती होते. साधा फोन थेट जोडीवर लावला तरी खरखर राहिली, म्हणजे दोष ईपीएबीएक्सचा नाही. अशा वेळी ट्रंक कार्ड (ट्रंक म्हणजे बाहेरची लाईन) बदलत बसू नये. आपल्या हद्दीतला जोड जेलवाल्या कनेक्टरने नव्याने केला, बाहेरची तक्रार नोंदवली. क्रोनमध्ये तार पंचिंग टूलनेच बसवायची. स्क्रू ड्रायव्हरने दाबली की पाती फाकतात आणि सहा महिन्यांनी लाईन ये-जा करू लागते.

कोणती लाईन कोणत्या पोर्टला, हेही महत्त्वाचं. वीज गेली की बरेच ईपीएबीएक्स पहिली ट्रंक थेट एका ठरलेल्या एक्स्टेंशनला जोडतात. त्या पोर्टला तांब्याची लाईन द्यावी, कारण तिला वीज एक्स्चेंजकडून येते. ओएनटी तिथे लावला तर वीज जाताच ईपीएबीएक्स आणि ओएनटी दोन्ही एकदमच मेले. ओएनटी यूपीएसवर घेतला.

एक्स्चेंजकडून हंटिंग (एकाच नंबरचा कॉल मोकळ्या लाईनीवर पाठवणं) असेल तर येणारा कॉल पहिल्या लाईनीपासून शोध घेतो. म्हणून बाहेर जाणारे कॉल शेवटच्या लाईनीपासून घ्यायचे. क्रम तोच ठेवला की कोणी लाईन उचलतो तेवढ्यात त्याच लाईनीवर कॉल येतो, आणि भलताच माणूस कानात ‘हॅलो’ म्हणतो.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला अडकणाऱ्या लाईनीने. बाहेरून आलेला कॉल दुसऱ्या लाईनीवरून बाहेरच ट्रान्सफर केला, दोघांनीही फोन ठेवला, तरी दोन्ही लाईनी व्यस्त. अशा लाईनीवर पलीकडच्याने फोन ठेवल्याचा वेगळा संकेत नसतो, एक्स्चेंज फक्त एंगेज टोन वाजवतं. तो ओळखण्याचं काम यंत्राचं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ बंद. सेटिंगमध्ये अमेरिकन टोन होता: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. तो जुळणार कसा? भारताचा टोन घालून ४ आवर्तनांवर कापायला लावलं, म्हणजे ६ सेकंदांत लाईन मोकळी. २ आवर्तनं ठेवली तर पलीकडच्या होल्डच्या पिपाणीवरही कॉल तुटू शकतो. वर ट्रंक-ते-ट्रंक कॉलला १० मिनिटांचा टायमर, कारण पाठीमागे आवाज असला की टोन ओळखणं हुकतं.

आता बंदीचा तक्ता, म्हणजे एक्स्टेंशनवरून कोणते नंबर लागू द्यायचे नाहीत त्याची यादी. जुन्या तक्त्यात एसटीडी बंद करायला ‘०’ अडवला होता. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी ० लावावा लागतो, त्यामुळे तो नियम मोबाईलही अडवतो. आकडे मोजूनही सुटका नाही: मोबाईल ० धरून ११ आणि एसटीडीही ११. सुरुवातीवरून चाळणी लावली तर ०२ (पुणे, मुंबई, सांगली) खुशाल अडवता येतो, कारण मोबाईल ६ ते ९ नेच सुरू होतात. पण बेळगाव ०८३१ आणि गोवा ०८३२. ते अडवले की ८३१, ८३२ ने सुरू होणारे मोबाईलही गेले. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला तर हीच दोन गावं रोज लागतात. शेवटी एसटीडीची बंदी काढून टाकली, फक्त ०० म्हणजे परदेश अडवला.

इथे एक फसगत होते. बाहेरची लाईन घ्यायलाही ०, मग मोबाईलचा ०. काही यंत्रं तक्ता तपासताना लाईन घेण्याचा ० धरतात, काही धरत नाहीत. धरणाऱ्या यंत्रात ०० अडवलं की सगळे मोबाईल बंद. तिथे ००० लिहावं. तक्ता बदलल्यावर एक स्थानिक ७ आकडी नंबर, एक मोबाईल आणि एक गोव्याचा नंबर लावून बघायचा. ११२ सगळ्या एक्स्टेंशनना खुला.

कॉलर आयडी अजून अर्धवट आहे: ओएनटीच्या लाईनीवर नंबर दिसतो, तांब्याच्या दोन्हींवर नाही. नंबर पाठवण्याच्या पद्धतींपैकी पोर्टचं सेटिंग एफएसकेवर आहे, पुढच्या खेपेला दुसरी पद्धत, डीटीएमएफ, करून बघणार.