मुंबई ते न्यूयॉर्क : आईचा पहिला एकटीचा प्रवास

ताईचं बाळंतपण एडिसनला (अमेरिकेत, न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीत), त्यामुळे आई जूनमध्ये सातारा ते न्यू जर्सी एकटीच गेली, वय ६७, विमानात पहिल्यांदाच. तिकीट बघून म्हणाली, अरे रात्री दीडला निघून सकाळी आठला पोचतंय, म्हणजे साडेसहा तासच की! तिला सांगितलं की निघायची वेळ मुंबईची आणि पोचायची न्यूयॉर्कची असते, उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे असतात (हिवाळ्यात साडेदहा), म्हणजे खरे १६ तास बसायचंय. तिचा चेहरा उतरला जरा.

मग भाचीचा पृथ्वीगोल काढला आणि शिवणाचा दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. आईला वाटत होतं दोरा अरबस्तान, आफ्रिका असा आडवा जाईल, पण तो गेला पाकिस्तान, अफगाणिस्तान करत पार मॉस्कोजवळून, मग फिनलंड, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या खालच्या टोकापासून खाली. सपाट नकाशात हे दिसतच नाही. हे अंतर साधारण १२,५०० किमी, विमान ताशी ९०० ने गेलं तर १४ तासांत व्हायला हवं, पण दोऱ्यासारखं सरळ जाता येत नाही ना, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद आहे, आणि वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारं वाहतं ते जाताना समोरून लागतं. येताना तेच वारं पाठीशी, म्हणून परतीला दीड-दोन तास कमी लागतात.

मला खरी काळजी होती गोळ्यांची. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, बीपीची रात्री नऊला. या सोळा तासांत पहाट कुठली आणि रात्र कुठली धरायची? आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, प्रवासात भारताचीच वेळ धरा, तिकडे पोचल्यावर हळूहळू सरकवू. म्हणून बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ तिच्या हातात बांधलं आणि बजावलं, याचे काटे अजिबात हलवायचे नाहीत. गोळ्या छोट्या पाकिटांत घालून वर पेनाने वेळ लिहिली, आणि पाकिटं हँडबॅगेतच ठेवली, चेक-इनच्या बॅगेत नाही, हे कुणी आईवडिलांना पाठवत असाल तर नक्की करा.

आणि विमानाचे तास म्हणजे प्रवासाचे तास नाहीत. दुपारी तीनला साताऱ्यातून गाडी काढली, नऊला एअरपोर्ट, तिथे साडेचार तास, मग विमान, मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, एडिसनपर्यंत गाडी, सगळं धरून साडेएकोणतीस तास झाले. मी आदल्या रात्री तीनपर्यंत मोबाईलवर, विमान कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या नकाशात, ते पिवळं विमान सरकताना बघत बसलो होतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसातही दर तासाला उघडून बघत होतो.

ताईच्या घरी पोचल्या पोचल्या तिचा फोन आला. तिथे सकाळचे अकरा, खिडकीत लख्ख ऊन, आणि आई मनगट डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "साडेआठ वाजले की रे, जेवलास का?"