लहान पिल्लू का नाही आणलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अंगणात तांबू दिसली की बहुतेक जण हेच विचारतात. कुत्रं पाळायचंच होतं तर छान छोटं पिल्लू का नाही आणलंत? सात महिन्यांची, वाढीला लागलेली कुत्री शेल्टरमधून आणलीत, तिला तुमचा लळा लागेल का? परवा समोरच्या नव्या वहिनी म्हणाल्या, "लहानपणी आणलं तर घरचं होतं, मोठं आणलेलं परकंच राहतं." गेटपाशी उभ्याउभ्या मला नीट उत्तर देता आलं नाही.

आम्हीही पिल्लूच आणायला गेलो होतो. गोव्यातल्या बारदेशातलं शेल्टर, जुलैचा शेवटचा आठवडा, धो धो पाऊस. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना हे महिने फार वाईट जातात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती शॅकच्या, म्हणजे वाळूत हंगामापुरत्या उभ्या केलेल्या खानावळींच्या आधाराने जगतात. गिऱ्हाइकांच्या ताटात उरलेलं, शॅकवरच्या पोरांनी घातलेला भात, हंगामभर भाड्याने राहायला आलेल्या कुणीतरी रोज दिलेली बिस्किटं. पाऊस तोंडावर आला की शॅक उतरवतात, माणसं निघून जातात आणि किनारा ओस पडतो. त्या हंगामात जन्मलेल्या पिल्लांनी तर दुसरं काही पाहिलेलंच नसतं. तांबू त्यांतलीच. पेडण्याच्या किनाऱ्यावर सापडली तेव्हा अंगभर खरूज होती आणि बरगड्या मोजता येत होत्या, असं शेल्टरमधल्या मुलीने सांगितलं.

दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांपाशी आमच्या आधीच तीन कुटुंबं उभी होती. वाढलेल्यांच्या पिंजऱ्यापाशी कुणीच नव्हतं. पिल्लं पटापट जातात. राहतात ती तिथेच मोठी होतात, तोवर नवी पिल्लं आलेली असतात, मग या मोठ्यांकडे वळून बघायला कुणाला वेळ नसतो. हे बघून वाईट वाटलं, खरं आहे. पण नुसत्या कळवळ्याने मी हो म्हटलं नाही. आम्ही दोघं आठाला घर सोडतो, सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा भरवायचं, घटकेघटकेला बाहेर न्यायचं. त्याचे लसीचे डोस पुरे झालेले नसतात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तांबूचे डोस झाले होते, तीन महिन्यांनंतर द्यायची रेबीजची लस झाली होती, नसबंदीही झाली होती. तिच्या कानाला त्रिकोणी खाच आहे ना, ती नसबंदी झाल्याची खूण. "कान कोणी तोडला गो हिचा?" असं अजूनही लोक हळहळून विचारतात. तोडलेला नाही, भूल दिलेली असतानाच खाच पाडतात, म्हणजे लांबूनही कळावं. रेबीजचं म्हणाल तर, सरकारने आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गावोगावी कुत्र्यांना लस टोचली, म्हणून 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेव्हा रस्त्यावरचं कुत्रं म्हणजे रेबीज, ही भीती आता मनातून काढा. वर्षाची लस मात्र चुकवू नका.

शेल्टरवाले घरी येऊन कुंपण बघून गेले. जमलं नाही तर कुत्री रस्त्यावर न सोडता शेल्टरमध्येच परत आणायची, असं लिहून घेतलं. मला ते फार आवडलं.

आता लळ्याचं. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला, असं त्या मुलीने सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तांबू दारातच अडली. टाइल्सवर चारी पाय चार दिशांना गेले. जन्मभर वाळूत चाललेली ती, गुळगुळीत जमीन तिला कुठून ठाऊक असणार! मागे फिरली आणि धुण्याच्या दगडाखाली जाऊन बसली. यजमानांनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटं अंथरली. दोन दिवसांनी ती एका गोणपाटावरून दुसऱ्यावर असा पाय टाकत आत आली. पाऊल टाकायच्या आधी नाकाने चाचपायची.

मी सारखी हाका मारायची. बिस्किट पुढे करायची, खाली बसून "ये, ये" करायची. मी जितकी पुढे, तितकी ती मागे. सासूबाई रोज सकाळी सोप्यावर एकाच जागी बसून भाजी निवडायच्या. तिच्याकडे बघायच्याही नाहीत. मला म्हणाल्या, "सोड गो तिका, येतली ती." पेज आणि काटे काढलेलं बांगड्याचं डोकं कटोऱ्यात घालून शेजारी ठेवायच्या आणि आपलं काम करायच्या. रोज कटोरा तिथेच, वेळही तीच. एकोणिसाव्या दिवशी तांबूने त्यांच्या हाताच्या अंतरावर उभं राहून कटोरा चाटून पुसून ठेवला. माझ्या हातून खायला तिला आणखी महिना लागला. मला त्याचं वाईट वाटायचं, आता कळतं की मीच तिला घाई करत होते.

चतुर्थीला फटाके सुरू झाले तशी ती न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या भाणामागे जाऊन बसली, ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बाहेर आली. दिवाळीत नरकासुराच्या रात्री मग आम्ही तयारीत होतो. संध्याकाळीच तिला फिरवून आणलं, न्हाणीघरात गोधडी घातली, खिडकी बंद केली, आणि रस्त्यावर स्पीकर धडधडत होते तोवर मी तिथेच पाटावर बसून राहिले. हाक मारली नाही, हात लावला नाही. पहाटे तीनच्या सुमाराला ती उठून माझ्या पाटाला टेकून झोपली.

त्याच सुमाराला तिने दोन दिवस पेजेला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढुरक्या पडल्या होत्या. रक्त तपासलं, गोचीडताप निघाला. डॉक्सिसायक्लिन 28 दिवस. चार दिवसांत ती उड्या मारायला लागली तरी गोळ्या मध्ये थांबवायच्या नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं. आपल्याकडच्या दमट हवेत गोचिडी कधी हटत नाहीत. संध्याकाळी फिरून आलो की कानांच्या आत, बोटांच्या फटीत, शेपटीखाली बघायचं, हे आमच्या घरात आता दिवाबत्तीसारखं झालंय.

वहिनींना मी रविवारी चहाला बोलावलंय. तुम्हीही या. गेट वाजलं की ती भुंकेल, भुंकू द्या. सोप्यावर सासूबाईंच्या शेजारी बसा, तिच्या डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका, गप्पा मारत राहा. दुसऱ्या कपापर्यंत ती तुमच्या चपला हुंगून जाईल.