शेवटचा दीड हात

मागच्या वर्षी माझा एक मोठा मासा सुटला. खोल पाण्यात नाही, दगडांत अडकून नाही, माझ्या मांडीपासून दीड हातावर. बराच वेळ खेळवून तो दमला होता, कुशीवर आला होता. मी घाईने लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड दोरा, डाव्या हाताला गुंडाळला आणि त्याला वर ओढायला गेले. त्याने शेपटीचा एक फटकारा दिला. लीडर तळव्यात रुतला, माझी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी, डावीकडे कलली, वल्हं पाण्यात पडलं आणि सरळ झालेला गळ तेवढा परत आला. मी पाण्यात गेले नाही, पण जाता जाता राहिले. तळव्यावरचा वळ आठवडाभर होता.

मासा गळाला लावायचं कसं, हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. मला त्या दिवसापासून त्या दीड हाताचंच शिकायचं होतं.

आडोशाच्या पाण्याबद्दल माझा एक समज होता: लाटा नाहीत, वारा तिवरांनी अडवलेला, मग धोका कसला? मामाने तो मोडून काढला. माझ्या आधी कितीतरी वर्षं तो कयाकवरून मासेमारी करतोय. त्याचं म्हणणं असं की उघड्या पाण्यात माणूस सावध असतो, आडोशाला आला की सैल पडतो. शिवाय खाडीच्या आत पाणी शांत असलं तरी जागा थोडी असते. समुद्रात मासा शंभर मीटर पळाला तरी पळू द्यावा, इथे वीस मीटरवर तिवरांची मुळं असतात, कालवांनी भरलेले जुने खांब असतात. कालवाची कड दोऱ्याला पातीसारखी कापते. म्हणजे ड्रॅग, रीलचा दोऱ्यावरचा ब्रेक, सैल ठेवला तर मासा मुळांत घुसणार. आणि आवळला तर? जमिनीवरून मासे मारणाऱ्याला इथलं उत्तर पटकन पटत नाही: आवळला तरी मासा थांबत नाहीच. पाण्यावर तरंगणाऱ्या कयाकला हलवायला फार जोर लागत नाही, त्यामुळे दोरा सुटायच्या ऐवजी माणसासकट कयाकच मुळांकडे निघते. ताण आडवा आला तर ती उलटतेसुद्धा.

हे समजल्यावर तयारीचा रोखच बदलला. ड्रॅग मी अंदाजाने लावत असे, आता स्प्रिंगच्या काट्याला दोरा बांधून मोजून लावते. माझा विणलेला दोरा 20 पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण झेलणारा, त्याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे साधारण सव्वादोन किलोच्या ताणाला, रीलने दोरा सोडायला लागायचं. त्यापुढे मीटरभर 40 पौंडी लीडर, कारण मला हवा होता जिताडा, आणि त्याचे दात बारीक असले तरी खरखरीत असतात, कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते. लूरवरचे, म्हणजे नकली आमिषावरचे, तीन तोंडांचे गळ काढून एकेरी जाड गळ लावले आणि त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले. काटा दाबला की मासा सुटेल अशी भीती वाटते. ताण एकसारखा ठेवला तर सहसा सुटत नाही, आणि गळ माझ्याच हातात घुसला तर तो बाहेर काढता येतो. कयाकमध्ये मासा, जाळं आणि आपले हात सगळे एकाच फुटात असतात, तेव्हा हा हिशोब जमिनीवरच्यापेक्षा वेगळाच.

रॉडला दोरी, वल्ह्याला दोरी, पक्कडीलाही दोरी. लाइफ जॅकेट अंगावर, सीटमागे कोंबलेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उलटण्याचा सराव. कमरेच्या वर पाणी असलेल्या जागी मामाने मला तीन सकाळी मुद्दाम पाडलं. उलटलेली कयाक सरळ करायची, पाय पाण्यात मारत शरीर आडवं करायचं, पोटावर सरकत मध्यापर्यंत यायचं, मग वळून बसायचं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही, खांदे भरून आले. तिसऱ्या दिवशी अर्ध्या मिनिटात वर आले. मोठ्या माशाला हात घालण्याचं धैर्य मला त्या अर्ध्या मिनिटाने दिलं, महागड्या रॉडने नव्हे.

तो दिवस भांगाचा होता, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हाचा. मी मुद्दामच असा दिवस निवडला. उधाणाच्या ओढीत मासा आणि प्रवाह दोघांशी एकदम झगडावं लागतं. तिवरांच्या कडेपासून वीस-बावीस मीटर अलीकडे नांगर टाकला. नांगराची दोरी कयाकच्या टोकाशी होती, कुशीशी कधीच नाही, कारण कुशीला बांधलेला नांगर वाहत्या पाण्यात कयाकला आडवी ओढून पाडू शकतो. दोरीच्या वरच्या टोकाला बोया होता, कडी उघडली की नांगर बोयासकट मागे राहतो आणि मी मोकळी होते.

चौथ्या-पाचव्या फेकीला लूर थांबला. आधी वाटलं मुळात अडकला. मग मुळाने डोकं हलवलं.

पहिले दहा सेकंद मी जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. दोन्ही हातांनी रॉड वर उचलून ओढायला लागले. तो मुळांकडे निघाला, रील किरकिरलं, कयाकचं टोक एका बाजूला वळू लागलं. मागून मामा ओरडला, "अगं, ओढू नको! कडी सोड आधी! नेऊ दे तुला!" कडी सोडली आणि कयाक जशी सुटली तसा सगळा खेळच बदलला. आतापर्यंत ताण आडवा येत होता, आता टोक आपोआप माशाकडे वळलं आणि ताण समोरून यायला लागला. समोरून आलेला ताण कयाकला पाडत नाही, नुसता नेतो.

पण नेत होता मुळांकडेच. इथे दोन गोष्टी कामी आल्या. मी दोन्ही पाय दोन बाजूंनी पाण्यात सोडले. त्याने तोल भक्कम होतो आणि पाय ब्रेकसारखे लागतात, माशाला कयाकबरोबर माझे पायही ओढावे लागतात. (जिताडा राहतो तसल्या काही पाण्यांत मगरीही असतात, तिथे हा प्रकार अजिबात करायचा नाही.) दुसरी गोष्ट रॉडची. रॉड उभा धरला की माशाचं डोकं फक्त वर उचललं जातं, आडवा, पाण्याला समांतर धरला की डोकं वळतं. आणि डोकं वळलं की मासा वळतो. कयाकचं टोक म्हणजे बाराचा आकडा मानला, तर रॉड दहा आणि दोनच्या आतच ठेवायचा, त्याबाहेर गेला की ताण पुन्हा आडवा. मी रॉड खाली घेऊन दहाकडे धरला. मुळं सातेक मीटरवर आली होती, शेवाळ दिसत होतं. तो वळला. तिवरांना समांतर पळायला लागला आणि मला सोबत घेऊन गेला. त्या ओढीत, टोकाखाली पाणी चुबुक-चुबुक वाजत असताना, मला भीती आणि आनंद यातला फरक कळेनासा झाला होता.

मग त्याने उडी मारली. पाण्याबाहेर अख्खा, तोंड वासलेलं, कल्ले उघडे, डोकं दोन्हीकडे झटकत. रुपेरी अंगावर क्षणभर ऊन पडलं. विणलेला दोरा जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे अशा झटक्यात सगळा जोर गळावर येतो. म्हणून मासा हवेत असताना रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं, दोरा क्षणभर ढिला द्यायचा आणि तो पाण्यात पडला की पुन्हा ताण घ्यायचा. तीन उड्यांपैकी दोन मला जमल्या. तिसऱ्या वेळी उशीर झाला, पण गळ टिकला.

पुढची दहा-बारा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. तो घेई, मी घेई. एकदा तो कयाकखालून पलीकडे गेला. अशा वेळी रॉड कयाकच्या कडेवर घासला तर मोडतो. रॉडचं टोक पाण्यात खुपसून, कयाकच्या पुढच्या टोकाला वळसा घालून दोरा पलीकडे नेला. हे मी घरी खुर्चीत बसून इतक्या वेळा करून पाहिलं होतं की हात आपोआप गेले.

आणि मग तो कुशीवर आला. डावीकडे, मांडीपासून दीड हातावर. तीच जागा.

मी काहीच केलं नाही. मुद्दाम. मोजून तीन श्वास थांबले. मामाने शिकवलेलं मनात म्हणत होते: नाक बेंबीच्या रेषेबाहेर जाऊ द्यायचं नाही. माणसाचं डोकं जड असतं, ते कडेबाहेर गेलं की खांदे जातात आणि खांद्यांमागून कयाक. वाकून मासा बघायचा मोह फार होतो. मी सरळ बसून नुसती नजर खाली वळवली. थांबले म्हणून बरं, कारण कयाक दिसल्यावर त्याने आणखी एक धाव घेतली. मागच्या वर्षी ह्याच धावेत माझा हात दोऱ्यात होता. या वेळी रीलने दोरा सोडला आणि तो आठ मीटरवर थांबून परत आला.

आता दोरा रॉडच्या लांबीइतकाच बाहेर ठेवला. त्याहून आखूड केला तर रॉड उभा होऊन टोकाशी मोडतो, लांब ठेवला तर मासा हाताशी येत नाही. उजव्या हाताने रॉड वर आणि खांद्यामागे नेला, मासा पाण्यावरून सरकत कडेला आला. डाव्या हाताने रबरी जाळीचं जाळं आधीच पाण्यात बुडवून धरलं होतं. जाळं घेऊन माशामागे धावायचं नाही. शेपटीकडून लावलं तर तो पुढे उसळतो. जाळं स्थिर, मासा डोक्याकडून आत. डोकं आत गेलं तसं रॉड खाली घेतला, रीलचा ताण सोडला, आणि तो स्वतःच्याच वजनाने जाळ्यात बसला.

दांड्याने उचलायचं नाही, दांडा वाकतो आणि कयाकही. दांडा आत ओढून जाळ्याची कडी पकडली आणि तसंच कयाकला टेकवून पाण्यातच ठेवलं. मग माझे हात थरथरायला लागले. इतका वेळ थरथरले नव्हते.

मामा शेजारी आला, दुसऱ्या कडेने त्याने माझी कयाक धरली. "घाई नाही, बाळा," एवढंच म्हणाला. गळ पाण्यातच निघाला. हात ओले करून, एक जबड्याशी आणि एक पोटाखाली देऊन, त्याला आडवाच ठेवून पट्टीवर मोजला: 93 सेंटीमीटर. इतका जड मासा नुसत्या जबड्याने उभा लटकवला तर त्याचा जबडा आणि कणा दुखावू शकतो. वजन म्हणूनच केलं नाही.

जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे मोठ्या जिताड्यांत बहुतेक माद्या असतात, आणि पाण्यातली पुढची पिढी त्यांच्याच पोटात असते. मी हिला सोडायचं आधीच ठरवलं होतं. तोंड प्रवाहाकडे करून सरळ धरलं. मागेपुढे हलवलं नाही, कारण मागे ओढल्यावर कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. आधी कल्ले सुस्त उघडत होते. मग जबडा माझ्या अंगठ्यावर घट्ट झाला. मग शेपटी हलली, माझ्या तोंडावर पाणी उडालं आणि हातात काहीच उरलं नाही.

ओहोटी लागली होती. आम्ही नांगरापासून बरेच खाली वाहत आलो होतो. लीडर बोटांतून ओढून पाहिला, गळापासून वीतभर सँडपेपरसारखा खरखरीत झाला होता. तेवढा तुकडा कापून खिशात ठेवला, नवी गाठ बांधली आणि बोया कुठे दिसतोय ते बघत वल्हं उचललं.