पुरळ नाही, सूज नाही, नुसती नाडी धावत होती

लेक तेव्हा सात महिन्यांची. नाचणीचं सत्त्व आधीपासून पाण्यात शिजवून देत होतो. त्या दुपारी पहिल्यांदाच गाईच्या दुधात शिजवलं. चार चमचे पोटात गेले, एक उलटी झाली आणि थोड्याच वेळात पोरीने मान टाकली. अंगावर पुरळ नाही, ओठ सुजले नाहीत. चेहरा पांढराफटक, तळपाय गार, मांड्यांवर जांभळट जाळी उमटलेली. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, तोवर मी इंदिरानगरातून रिक्षा पकडलीसुद्धा.

कॅज्युअल्टीत नाडी दोनशेच्या घरात भरली. या वयात जागेपणी ती साधारण १०० ते १६० असते. बीपी मात्र पडलेलं. आधी हृदयाचाच संशय. ईसीजी निघाला, जंतुसंसर्गाचीही चर्चा झाली. मग बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या. "शेवटचं काय भरवलं? किती वेळ झाला?" उत्तर ऐकलं आणि लगेच मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, सोबत सलाईन.

हृदय आधीच एवढं पळतंय, त्यात ठोके वाढवणारं हे औषध कशाला, असं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, दोष हृदयात नाही. ॲलर्जीने रक्तवाहिन्या सैल पडल्यात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतंय. बीपी सावरायला हृदय धावतंय. ॲड्रेनॅलिन वाहिन्या आवळतं. तान्ह्या बाळांत कधीकधी त्वचेवर काहीच दिसत नाही, नाडी, रंग आणि मलूलपणा एवढ्यावरच ओळखावं लागतं. हळूहळू ओठांना रंग आला. लक्षणं पुन्हा उसळू शकतात म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तोही नॉर्मल आला.

रक्ताच्या तपासणीत दुधाची ॲलर्जी निघाली. ती निगेटिव्ह आली असती तरी विषय संपला नसता, असं मॅडमनी बजावलं; अशा ॲलर्जीच्या एका प्रकारात खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्या होऊन बाळ असंच गळून जातं आणि ही तपासणी बहुधा कोरी येते.

आता पाकिटावर व्हे, केसीन (ही दुधातलीच प्रथिनं), मिल्क सॉलिड्स शोधणं आलं. "मग शेळीचं द्या की," हा सल्ला अर्ध्या कॉलनीने दिला. त्यातली प्रथिनं जवळपास तीच, म्हणून तेही बंद. प्रसादाच्या पेढ्याचं बोट चाटवणारे नातेवाईक हे वेगळंच प्रकरण! ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल, सिरिंज आणि तिच्या वजनाप्रमाणे डोस लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये असते. वजन वाढलं की चिठ्ठी बदलून आणते. दूध पुन्हा देऊन बघायचं ते हॉस्पिटलातच, मॅडम सांगतील तेव्हा.