तुम्ही विचारलंत म्हणून: डोळ्यांच्या दवाखान्यात मी नेमकं काय करते

परवा दादरच्या पुलावर आमच्या एक जुन्या पेशंट मावशी भेटल्या, सोबत मुलगी, यंदाच बारावी झालेली. मावशींनी गर्दीतच माझा हात धरला, "अगं हिला तुझ्या लाईनीत घालू का म्हणतेय, पण तू तिथे करतेस काय गं नेमकं? थेंबच घालतेस ना डोळ्यात?" मागून लोक ढकलत होते, खाली गाडी लागलेली, मी म्हटलं सावकाश सांगते मावशी, आणि मग भांडुपपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं, कारण हा प्रश्न मला सासरी विचारतात, माहेरी विचारतात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला पण विचारतात. तर मावशी, मी डोळ्यांच्या डॉक्टरांची मदतनीस आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितेय, मुलीला पण वाचायला द्या.

हो, थेंब घालते. तिथूनच सुरू करते. डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा तर बाहुली मोठी करावी लागते, त्यासाठी जे औषध जास्त करून वापरतात त्यात ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन अशी दोन औषधं एकत्र असतात, दिसायला अगदी पाणी. पण फिनाइलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, म्हणून हार्टचा काही त्रास आहे का, बीपीची गोळी आज घेतलीत का, हे विचारल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, आणि तसं काही असेल तर डॉक्टरांना विचारून नुसतं ट्रॉपिकामाइड घालायचं. काहींच्या डोळ्यात पुढची जागाच अरुंद असते, त्यांची बाहुली मोठी केली तर डोळ्याचं प्रेशर एकदम चढू शकतं, त्यामुळे डॉक्टरांनी आधी बघून "घाला" म्हटल्याशिवाय मी घालत नाही, बाहेर कितीही रांग असो. मग विचारायचं घरी कसे जाणार. औषधाचा असर चार-सहा तास राहतो, जवळचं धूसर, ऊन सहन होत नाही, आणि बाईकवर आलेले दादा "मला काही होत नाही ओ सिस्टर" म्हणतात, तेव्हा त्यांना न्यायला कोण येणार हे ठरेपर्यंत मी थांबते, नाहीतर दुसऱ्या दिवसाची वेळ देते. लहान मुलांचा नंबर काढायला कधी अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी लावायला देतात, त्याचा असर दहा-पंधरा दिवससुद्धा राहतो, आणि अंग गरम झालं, चेहरा लाल झाला तर मलम थांबवून लगेच फोन करा हे आईला दोनदा सांगायचं, आणि तिच्याकडून एकदा वदवून घ्यायचं.

वदवून घेणं हे फार मोठं काम आहे आमच्यात. काचबिंदूचे पेशंट वर्षानुवर्षं थेंब घालतात आणि अर्धे थेंब गालावर जातात. मी प्रत्येकाला माझ्यासमोर घालायला लावते. मान मागे, खालची पापणी ओढून खोबणी करायची, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. कोपरा का दाबायचा तर तिथून थेंब नाकात उतरतो आणि नाकातून रक्तात जातो. काचबिंदूचं टिमोलॉल नावाचं औषध आहे, ते असं रक्तात गेलं तर दम्याच्या माणसाला चांगलाच त्रास होऊ शकतो.

त्यावरून एक आजोबा आठवतात. पहिल्यांदाच डोळ्याचं प्रेशर वाढलेलं निघालं होतं, मी माहिती लिहून घेत होते. दमा आहे का आजोबा? नाही. श्वासाचा काही त्रास? नाही नाही, तब्येत ठणठणीत. मी पुढच्या प्रश्नावर गेले आणि मग मनात आलं म्हणून परत विचारलं, पंप ओढता का कधी? "हो, पावसाळ्यात ओढतो की." त्यांच्या लेखी दमा म्हणजे शेजारच्या माणसाला होता तो, रात्रभर खोकणारा, यांचा आपला पंप. मी कागदावर लाल पेनाने लिहिलं आणि डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. मावशी, हे माझं काम आहे. एकच प्रश्न तीन शब्दांत विचारायचा, कारण पेशंट खोटं बोलत नसतो, त्याचा शब्द वेगळा असतो. आमच्याकडे कोळीवाड्यातून येतात ते "डोळ्यात मांस वाढलंय" म्हणतात, कुणी "जाळं आलंय" म्हणतं, आता जाळं म्हणजे कुणाचा मोतीबिंदू असतो, कुणाला खरंच डोळ्यासमोर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही तरंगताना दिसत असतं, आणि या दोन गोष्टींत किती फरक आहे ते पुढे सांगते.

त्याआधी नंबर. तक्ता सहा मीटरवर लागतो, आणि मुंबईत कुठली सहा मीटरची खोली, म्हणून आमच्याकडे तीन मीटरवर आरसा आहे आणि पेशंटच्या डोक्यामागे उलटा छापलेला तक्ता, आरशात बघितला की अंतर बरोबर सहा. सगळ्यात वरचं मोठं अक्षर धड डोळ्याच्या माणसाला साठ मीटरवरून दिसतं, तेवढंच दिसलं तर ६/६०, खालची बारीक ओळ वाचली तर ६/६. वाचता येत नसेल त्यांना इंग्रजी ई सारखी चिन्हं, तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवायचं, आणि हे विचारताना "वाचता येत नाही का" असं चारचौघांत मोठ्याने कधीही विचारायचं नाही, सरळ दुसरा तक्ता लावायचा. एक डोळा झाकायचा तो तळव्याने, बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, मुलं तर हमखास बघतात. एखाद्या मुलाचा एक डोळा आळशी झालेला असतो आणि घरात कुणालाच पत्ता नसतो, कारण दुसऱ्या डोळ्याने तो सगळं बघतो, तो डोळा नीट झाकला तरच कळतं, आणि लहानपणीच कळलं तर उपाय चांगला लागू पडतो. कमी दिसत असेल तर बारीक भोकाची चकती डोळ्यासमोर धरायची, तिच्यातून सुधारलं तर बहुतेक चष्म्याचा मामला, नाही सुधारलं तर आत काहीतरी बघायला हवं. आकडा मी लिहिते तो त्यांना जेवढं दिसलं तेवढाच. काही जण तक्ता पाठ करून येतात, बाहेर बाकावर बसून आत चाललेलं ऐकतात, मग मी ओळ उलटीकडून वाचायला लावते.

एकदा रेल्वेच्या मेडिकलची तयारी करणारा मुलगा आला, रंग ओळखायचं ठिपक्यांचं पुस्तक असतं ना, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेलं, ते पाठ करायला द्या म्हणून फार गळ घातली. लाल-हिरव्यात त्याचा खरंच घोटाळा होत होता. मी नाही दिलं. त्याला बसवून सांगितलं की सिग्नल तुला एकट्याला नाही बघायचा, तुझ्यामागे अख्खी लोकल असणार आहे. रडवेला झाला, मला पण वाईट वाटलं, त्याच्या घरचं सगळं त्या नोकरीवर अडलेलं दिसत होतं. तरी ते पुस्तक मी पुढेही कुणाला देणार नाही.

आता ते जाळं. मला कामाला लागून पाचेक वर्षं झाली होती, गणपतीचे दिवस, फोन वाजला. एक काकू, गिरगावच्या बाजूच्या, म्हणाल्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय कालपासून आणि काळे डास उडताना दिसतायत. मला वाटलं वय झालंय, असतं असं, विसर्जनामुळे रस्ते बंद, अपॉइंटमेंट पण सगळ्या भरलेल्या, मी त्यांना चार दिवसांनी सोमवारची वेळ दिली. डॉक्टर त्या संध्याकाळी दवाखान्यातच होते. मी आत जाऊन विचारलं नाही. सोमवारी काकू आल्या तेव्हा खालून वर सावलीचा पडदा चढल्यासारखं दिसत होतं त्यांना, आतला पडदा सुटत सुटत मधल्या भागापर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, पडदा परत बसला, पण त्या डोळ्याने वाचण्याएवढी नजर काही परत आली नाही. त्या आधी आल्या असत्या तर कदाचित नुसतं फाटलेल्या जागेभोवती लेझर करून भागलं असतं. काकू मला काही बोलल्या नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं की लवकर बोलवायला हवं होतं. मला माहीत असायला हवं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी मला समोर बसवून कागदावर प्रश्न लिहायला लावले आणि तो कागद फोनच्या वर चिकटवला, अजून आहे, सेलोटेप दोनदा बदलली. अचानक चमकायला लागलं का, काळे ठिपके एकदम वाढले का, पडदा किंवा सावली येते का, एकाएकी दिसायचं बंद झालं का, डोळा लाल होऊन डोकं दुखतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय का, डोळ्यात काही उडालंय का. यातलं एक जरी हो असेल तर आजच, आत्ताच, आणि आमचे डॉक्टर नसतील तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला. रांगेतले लोक चिडतात मग, आम्ही दोन तास बसलोय आणि हिला आधी कसं, मी ऐकून घेते.

डोळ्यात काही उडालं यात सगळ्यात वाईट चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलं खेळायला घेतात, दाबली की फुटते आणि सरळ डोळ्यात. लोक पोरगं उचलून धावत दवाखान्यात आणतात, टॅक्सी, ट्रॅफिक, अर्धा तास, आणि तेवढ्या वेळात चुना आत आत जाळत जातो, तो अ‍ॅसिडपेक्षा खोल उतरतो. कृपा करून आधी घरच्या नळाखाली डोळा धरा, पापण्या उघडून, भरपूर वेळ, निदान अर्धा तास, चुन्याचे कण दिसले तर पाण्यानेच काढा, आणि मग निघा. फोनवर मी हे सांगताना लोकांना वाटतं मी येऊ नका म्हणतेय. या, पण धुऊन या.

मशिनींबद्दल फार लिहीत नाही, ती शिकता येतात. मोतीबिंदूच्या आधी डोळ्याची लांबी मोजतात, त्यावरून आत बसवायच्या लेन्सचा नंबर निघतो. टोक टेकवून मोजायचं जुनं मशीन असेल तर हात इतका हलका लागतो की बुबुळ दबता कामा नये, कारण एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीनने चुकतो. मी तीनदा नाही, पाच-सहादा मोजते. आणि काचबिंदूची फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं कुठवर दिसतं ते बघायची, अंधाऱ्या खोलीत मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि बाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं, त्यात माणसं कंटाळतात, डोळे फिरवतात, चक्क झोपतात, घाबरून सतत बटण दाबत राहतात, आणि असा रिपोर्ट डॉक्टरांपुढे गेला तर फुकट. म्हणून मी शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहते, छान चाललंय, मध्ये बघा, अर्धे ठिपके दिसणार नाहीतच, तशीच असते ही टेस्ट, थकलात तर बटण दाबून धरा म्हणजे मशीन थांबेल. एवढ्यानेच रिपोर्ट सुधारतो.

बाकी हात धुणं. २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात डोळे आले होते तेव्हा आमच्याकडे दिवसभर तेच पेशंट, प्रत्येकानंतर हनुवटी टेकवायची जागा पुसायची, दारचं हँडल पुसायचं, बाक वेगळा. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, हात, रुमाल, टॉवेल यातून येतात, हे त्या दिवसांत किती वेळा सांगितलं असेन. आणि केमिस्टकडून परस्पर घेतलेले थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर बरं वाटतं आणि आत नुकसान होतं.

एक गोष्ट मी करत नाही. "काय आहे गं, तू तरी सांग" असं बाहेर पॅसेजमध्ये विचारतात, माझ्या ओळखीचे तर जास्तच. मला कळलेलं असलं तरी सांगत नाही. निदान डॉक्टरांनी सांगायचं, आणि मी अर्धवट सांगितलेलं घरी जाऊन कितीतरी मोठं होतं.

शिक्षणाचं म्हणाल तर मी बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा केला. मुलीला पुढे जायचं असेल तर ऑप्टोमेट्रीची डिग्री आहे, इंटर्नशिपसकट, मग चष्म्याचा नंबर ती स्वतः काढेल, झेपत असेल तर मी तीच घ्या म्हणेन. २०२१ साली या सगळ्या कामांसाठी देशाचा कायदा पण झालाय, त्यामुळे कुठेही फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का ते बघा, नुसतं बोर्डावर जाऊ नका. पगार सुरुवातीला कमी आहे, ते लपवत नाही. दिवसभर उभं राहणं आहे आणि शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी.

तिला एखाद्या सकाळी घेऊन या, मी डॉक्टरांना विचारून ठेवते. मला माझ्या सीनियर ताईंनी पहिल्या दिवशी काहीच काम दिलं नव्हतं. डॉक्टरांकडून तपासून घेतलं, माझ्याच दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि हातात एक फॉर्म देऊन म्हणाल्या, भर. अक्षर दिसेना. तासाभराने चहा आणायला खाली पाठवलं, भर उन्हात, डोळे उघडेनात, जिन्याची पायरी चाचपत उतरले. परत आल्यावर त्यांनी विचारलं काय काय झालं ते सांग, आणि मी सांगितलेलं एका वहीत लिहून घेतलं. मी पण तिला तसंच बसवणार आहे, म्हणून सोबत तुम्ही या मावशी, जाताना तिला स्टेशनपर्यंत हात धरून न्यावं लागेल.